नाशिकहून पहिल्यांदा लडाखला निघताना

लेहला खोलीवर पोचून सॅक उघडली तर आतली चिवड्याची पाकिटं उशीसारखी फुगलेली निघाली. घरून भरताना ती चपटी होती, तीन-तीन एकावर एक रचली होती. आता एकेक इतकं टणक की बोटाने दाबलं तर फाटेल. आम्ही चौघी पोट धरून हसलो, फोटो काढले आणि चहा पिऊन शांती स्तूपाकडे निघालो. पाचशेच्या वर पायऱ्या आहेत. हरिहरच्या पायऱ्या चढलेल्या बायकांना त्यांचं काय एवढं! मी सगळ्यांच्या पुढे होते. रात्री अकराला डोकं असं ठणकायला लागलं की उशीला टेकवेना. पहाटेपर्यंत तीनदा उलटी झाली आणि दुसरा अख्खा दिवस पडदे ओढून काढला.

पाकिटांनी दुपारीच सांगितलं होतं. त्यांच्या आतली हवा नाशिकची, म्हणजे सुमारे ६०० मीटर उंचीवरची. खोलीतली हवा ३,५०० मीटरवरची. बाहेरचा दाब कमी झाला की आतली हवा फुगणारच. समुद्रसपाटीच्या मानाने लेहमध्ये हवेचा दाब साधारण ६५ टक्के उरतो आणि त्याच प्रमाणात दर श्वासात मिळणारा ऑक्सिजनही घटतो.

त्यानंतर मी तीनदा जाऊन आले, ओळखीतल्या बऱ्याच जणांचे बेत आखून दिले. ज्यांनी अंजनेरी, कळसूबाई, साल्हेर केलंय, ज्यांना शेवाळलेला कातळ आणि घसारा नवा नाही, पण हिमालयापलीकडचं कोरडं पठार अजून पाहिलेलं नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. सह्याद्रीने तुमचे पाय तयार केले आहेत. तिथे पहिले चार दिवस पायांचं काम फारसं नसतं.

डोंगर आहेत, पाऊस नाही

लडाखचं हवामान समजून घ्यायला आपला जिल्हाच पुरतो. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून पंचेचाळीसेक किलोमीटर पूर्वेला नाशिक शहरात तो सातशेच्या आसपास येतो आणि सिन्नर-येवल्याकडे त्याहूनही कमी. ढग घाटमाथ्यावर रिकामे होतात, पुढच्यांच्या वाट्याला शिंतोडे. हीच पर्जन्यछाया हिमालयाच्या उंचीची करून पाहा: लेहला वर्षाचा पाऊस आणि बर्फ मिळून जेमतेम १०० मिलिमीटर. इगतपुरीत आषाढात एवढा एका दिवसात पडतो.

हवेत बाष्प नाही, आकाशात ढग नाहीत, जमिनीवर झाड नाही. मग दिवसा ऊन थेट भाजतं आणि सूर्य मावळला की उष्णता अडवून धरणारं वर काहीच नसतं, ती निघून जाते. आपल्याकडे जानेवारीत निफाडचा पारा चार-पाच अंशांवर येतो आणि द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात, तो असाच निरभ्र रात्रीचा गारठा. तिथे तो उन्हाळ्यातही असतो. जुलैत लेहला दुपारी पंचवीस अंशांपर्यंत तापतं आणि पहाटे दहाच्या आसपास येतं. पँगाँग तलावाच्या काठी त्याच महिन्यात रात्री दातावर दात वाजतात. जानेवारीत लेहची रात्र उणे दहाच्याही खाली जाते, पण पहिल्या खेपेला तिकडे फिरकूच नका. गोठलेल्या झंस्कार नदीवरून चालायच्या चादर ट्रेकचे व्हिडिओ कितीही सुंदर असले तरी.

सगळ्यात चकवते ती सावली. उन्हात बाही वर सारून बसलेलं माणूस भिंतीच्या सावलीत सरकलं की लगेच जाकीट शोधतं. दुपारच्या जेवणाची जागा निवडताना ऊन पंधरा मिनिटांनी कुठे असेल ते बघायची सवय मला तिथेच लागली.

आधी महिना ठरवा

आपल्या सुट्ट्यांचं आणि लडाखचं गणित नीट जुळत नाही. मेच्या सुट्टीत लेह परिसर छान असतो, पण मनाली बाजूच्या खिंडी बऱ्याचदा बर्फातच असतात. दिवाळीला थंडी कडक होते, बरीच गेस्ट हाऊस आणि तंबूंचे तळ बंद होऊ लागतात, पाण्याचे नळ गोठतात. चालायला सर्वांत चांगला काळ जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत.

म्हणजे आपल्याकडे ब्रह्मगिरीवर धुकं उतरलेलं असतं, धबधब्यांवर गर्दी उसळलेली असते, त्याच वेळी. मन तयार होत नाही, हे मला मान्य आहे. पण जुलै-ऑगस्टमध्ये सह्याद्री सोडून जाणं जमत नसेल तर सप्टेंबर घ्या. आकाश निळंशार, ओढ्यांचं पाणी उतरलेलं, जव कापून झालेला, खारदुंग लावर ('ला' म्हणजे खिंड) गाड्यांची रांग कमी. रात्री मात्र जास्त गार. मला विचाराल तर सप्टेंबरचे पहिले तीन आठवडे.

पावसाळ्यात जायचं असेल तर एक विसरू नका. लडाख कोरडं असलं तरी तिथे नेणारे रस्ते ओल्या डोंगरांतून जातात. मनालीकडे हिमाचलचा पाऊस आणि दरडी, काश्मीरकडून झोजी ला. लेहला कडक ऊन आहे म्हणून रस्ता उघडा असेल असं नाही.

विमान की रस्ता

तीन वाटा आहेत. दिल्लीहून विमानाने थेट लेह. श्रीनगरहून कारगिलमार्गे सुमारे ४२० किलोमीटरचा रस्ता. किंवा मनालीहून अटल बोगद्यातून, केलाँग-सरचूमार्गे.

श्रीनगर १,५८५ मीटरवर आहे, झोजी ला ३,५२८ वर, आणि खिंड ओलांडली की रस्ता पुन्हा उतरत कारगिलला २,६७६ वर येतो. तिथे मुक्काम. दुसऱ्या दिवशी ४,१०८ मीटरचा फोतू ला ओलांडून लेह. शरीराला पायरी-पायरीने चढवणारी ही वाट मला सर्वांत शहाणी वाटते. मनालीची वाट देखणी खरी, पण ती दुसऱ्याच दिवशी सरचूला ४,२०० मीटरच्या वर झोपवते आणि पुढे तांगलांग ला ५,३०० च्या वर नेतो. बुलेटवर सरचूला पोचून रात्रभर तंबूबाहेर डोकं धरून बसलेली तगडी पोरं मी पाहिली आहेत. मनालीनेच यायचं असेल तर परतीला या, तेव्हा अंग सरावलेलं असतं.

विमानाने वेळ वाचतो. ओझरहून किंवा मुंबईहून दिल्ली गाठायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळचं लेहचं विमान. बहुतेक विमानं सकाळीच असतात, कारण दुपारी खोऱ्यात वारा सुटतो आणि डोंगरांच्या मधल्या त्या धावपट्टीवर उतरणं अवघड होतं. खिडकीची जागा मागा. पण विमानाने वाचवलेले दोन दिवस लेहमध्ये पडून राहून परत द्यायचे असतात. ते कसे, ते पुढे.

रस्त्याने जाणाऱ्यांनी वाहनाचं आधी विचारून घ्या. बाहेरून भाड्याने आणलेली मोटारसायकल किंवा टॅक्सी लडाखमध्ये स्थळदर्शनाला फिरवू देत नाहीत, ती तिथलीच घ्यावी लागते. स्वतःच्या नावावरची गाडी चालते.

नाशिकमध्येच करायची कामं

दोन महिने आधी सुरू करा. आठवड्यातून तीनदा पांडवलेणी चढा-उतरा, एक आड रविवार अंजनेरी किंवा ब्रह्मगिरी, पाठीवर सहा-सात किलो घेऊन. एकदा बारीहून कळसूबाई. वेळ लावायचा नाही. अख्ख्या चढात शेजारच्याशी गप्पा मारता आल्या पाहिजेत अशा चालीने चढायचं. तिथे हीच चाल लागते, आणि पुढे धावायची सवय असलेल्यांना ती शिकायला फार जड जाते.

मात्र एक गैरसमज काढून टाका. कळसूबाई १,६४६ मीटर, महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर. त्याच्या दुप्पट उंचीवरही लेह येत नाही, आणखी वर आहे. या सरावाने दम वाढतो. विरळ हवेची सवय नाशिकमध्ये बसून होत नाही, ती तिथे जाऊनच होते. आणि त्रास कोणाला होईल ते सांगता येत नाही. मॅरेथॉन धावणारा आडवा होतो आणि त्याची पासष्टीची आई ठणठणीत फिरते. किंबहुना तंदुरुस्त माणूसच गोत्यात येतो, कारण त्याला थांबायची सवय नसते. शांती स्तूपाच्या पायऱ्यांवर मी होते तशी.

डॉक्टरांकडे महिनाभर आधी जाऊन या. रक्तदाब, हृदयविकार, दमा, मधुमेह यांपैकी काही असेल तर नक्कीच. गरोदरपणात हा बेत पुढे ढकला. विरळ हवेच्या त्रासासाठी अ‍ॅसिटाझोलामाइड नावाची गोळी असते, दुकानात डायमॉक्स म्हणून मागतात. ती घ्यायची की नाही, किती आणि कधीपासून, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर ते त्यांना आधी सांगा. या गोळीने लघवीला वारंवार जावं लागतं आणि बोटांना मुंग्या येतात, त्याने घाबरू नका. गटातल्या एकाने घेतली म्हणून सगळ्यांनी वाटून घ्यायची ही चूर्णाची पुडी नव्हे.

आणखी एक क्षुल्लक वाटणारं काम: महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही. गटात निदान दोघांकडे पोस्टपेड हवं, तेही वेगवेगळ्या कंपन्यांचं.

सॅकमध्ये काय

पावसाळी ट्रेकची यादी बाजूला ठेवा. छत्री घरी, पोंचो घरी. एक हलकं, वारा न शिरणारं, पाणी रोखणारं जाकीट पुरतं. कपडे थरांनी: अंगाला लागून घाम शोषून लवकर वाळणारा, वर लोकर किंवा फ्लीस, सर्वांत वर वाऱ्याला अडवणारा. पहाटे तिन्ही, दहा वाजता एक, चार वाजता पुन्हा तिन्ही, अशी दिवसभर काढघाल चालते. म्हणून एकच जाडजूड कोट कुचकामी. लोकरीचं काही नवं घ्यायचं असेल तर हिवाळ्यातच शरणपूर रोडच्या तिबेटियन मार्केटात घेऊन ठेवा. कानटोपी, हातमोजे आणि लोकरी मोज्यांचे दोन जोड जुलैतही लागतात.

ऊन हा खरा शत्रू. दर हजार मीटरला अतिनील किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात, म्हणजे लेहचं ऊन नाशिकच्या उन्हापेक्षा कितीतरी तीक्ष्ण, आणि हवा गार असल्यामुळे भाजतंय हे कळतच नाही. वाळू आणि बर्फावरून ते खालूनही येतं. माझ्या भाचीचं नाकपुड्यांच्या आतलं आणि हनुवटीखालचं कातडं सोललं होतं, कारण क्रीम तिने फक्त वरून लावलं होतं. काठाची टोपी, अतिनील किरणं अडवणारा चांगला गॉगल, दर दोन तासांनी सनस्क्रीन. ओठांना लावायचं मलम खिशात हवं, सॅकच्या तळाशी नको. नाक आतून कोरडं पडून रक्त येतं, त्यावर रात्री व्हॅसलीनचं बोट फिरवायचं. खोबरेल तेल नेलंत तर बाटलीत गोठून बसेल. रुंद तोंडाच्या डबीत न्या.

फोनची आणि कॅमेऱ्याची बॅटरी थंडीत भराभर उतरते. रात्री ती पांघरुणात जवळ घेऊन झोपा. पॉवर बँक विमानात हातातल्या सामानातच ठेवावी लागते.

खाऊ सुका न्या: चिवडा, चिक्की, मनुका, डिंकाचे लाडू. पिशव्यांतली हवा भरतानाच दाबून काढा. उंचीवर भूक मरते, ताट समोर आलं तरी घास जात नाही, अशा वेळी ओळखीची चव उपयोगी पडते. आमसुलाची चार सालं पाण्यात टाकून ती बाटली मी दिवसभर पुरवते.

लेहचे पहिले ४८ तास

पहिला दिवस: काहीही करायचं नाही. हे वाक्य सगळे वाचतात, मान डोलावतात आणि संध्याकाळी बाजारात चक्कर मारायला निघतात. काहीही म्हणजे काहीही. विमानतळावर बॅग उचलायला घाई नको, खोली तळमजल्यावरची मागा, जिना टाळा. आंघोळ राहू द्या. थोडं थोडं खा, वरचेवर पाणी प्या. तीन-साडेतीन लिटर पुरे, बादलीभर ढोसून उपयोग नाही. लघवी फिकट होतेय एवढं बघायचं. दारू आणि झोपेची गोळी दोन्ही वर्ज्य, कारण झोपेत श्वास मंद होतो तेच इथे धोक्याचं. दुपारी झोप आली तरी उशी उंच करून पडा.

पहिल्या रात्री झोप तुटक लागते. मध्येच दचकून, मोठा श्वास घेत जाग येते. शेजारच्या पलंगावरचं माणूस काही क्षण श्वासच घेत नाहीये असं वाटतं, मग एकदम घेतं. विरळ हवेत झोपेतला श्वास असा थांबून थांबून चालतो. बाकी काही त्रास नसेल तर यात काळजीचं काही नाही, पण आधी माहीत नसेल तर बायको रात्रभर नवऱ्याकडे बघत बसते.

दुसऱ्या दिवशी सपाटीवर तासभर फिरा. लेहच्या बाजारात जुनी मशीद आहे, भाजी विकणाऱ्या आज्या फुटपाथवर बसलेल्या असतात. त्यांना 'जुले' म्हणा. नमस्कार, धन्यवाद, येतो, सगळ्यासाठी तो एकच शब्द चालतो. वरच्या राजवाड्याकडे मात्र बघायचं, चढायचं नाही.

तिसऱ्या दिवशी गाडीने शे, ठिकसे, हेमिस. तिथल्या गोंपांच्या, म्हणजे बौद्ध मठांच्या, पायऱ्या हाच त्या दिवसाचा व्यायाम.

बोटाला लावायचं ऑक्सिमीटर हल्ली सगळे नेतात. न्या, पण आकड्यांच्या शर्यती लावू नका. लेहमध्ये पहिल्या दिवशी आकडा नाशिकपेक्षा खाली येणारच; गार बोटावर तो आणखी चुकीचा दाखवतो. आकड्यापेक्षा माणसाकडे बघा.

कधी थांबायचं, कधी खाली उतरायचं

डोकं दुखणं, मळमळ, भूक नसणं, गळून गेल्यासारखं वाटणं, चक्कर: ही विरळ हवेच्या त्रासाची सुरुवातीची लक्षणं. यावर उपाय म्हणजे आहात त्याच उंचीवर विश्रांती. एक-दोन दिवसांत बहुतेकांना बरं वाटतं. ती असताना आणखी वर जायचं नाही, मग गाडीचे पैसे भरलेले असोत की हॉटेलचे.

पुढची दोन लक्षणं वेगळ्या जातीची आहेत. बसल्याजागी धाप लागते, खोकला सुटतो, छातीतून बुडबुड आवाज येतो, ओठ निळसर होतात: फुप्फुसात पाणी भरतंय. किंवा माणूस असंबद्ध बोलतो, झोकांड्या खातो: मेंदूला सूज येतेय. संशय आला तर त्याला फरशीच्या सांध्यावरून टाच-चवडा जुळवत दहा पावलं चालायला सांगा. तोल गेला तर सकाळची वाट बघू नका. रात्री दोन वाजताही खाली उतरवा, ऑक्सिजन द्या, रुग्णालय गाठा. लेहमध्ये सोनम नोर्बू मेमोरियल हे सरकारी रुग्णालय आहे, तिथल्या डॉक्टरांना हे रुग्ण रोजचे असतात. दुकानात मिळणारा ऑक्सिजनचा छोटा डबा काही मिनिटांचा असतो. त्याच्या भरवशावर कोणाला रात्रभर ठेवू नये.

यातच सहलीचा क्रमही ठरतो. पँगाँग सव्वाचार हजार मीटरच्या आसपास आहे आणि तिथून लेहला परतायचं तर आधी ५,३६० मीटरचा चांग ला चढावा लागतो. म्हणजे आजारी माणसाला खाली नेण्यासाठी आधी हजार मीटर वर न्यायचं! म्हणून पँगाँग नेहमी शेवटी. आधी नुब्रा खोरं करा: वाटेत खारदुंग ला उंच आहे खरा, पण डिस्किट-हुंदरला मुक्काम ३,१०० मीटरच्या आसपास, लेहपेक्षाही खाली. रात्र कुठे काढता त्याला महत्त्व, दिवसा कुठे टेकून आलात त्याला कमी. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची जागा एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वर न्यायची नाही, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस बसून काढायचा, असा गिर्यारोहणातला संकेत आहे.

खारदुंग लावर फोटो काढा आणि पंधरा-वीस मिनिटांत निघा. पाटीवर १८,३८० फूट असं लिहिलेलं वर्षानुवर्षं दिसायचं. मोजणीत ती खिंड १७,५८२ फूट, म्हणजे ५,३५९ मीटर भरते. तेवढ्या फुटांनी काही बिघडत नाही. हवा तिथे समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या जरा वर, एवढं लक्षात असलं की पुरे.

पहिली पायवाट

चौथ्या-पाचव्या दिवसापासून चालायला हरकत नाही. नवख्यांसाठी शाम खोऱ्याची वाट मी सुचवते: लिकीर, यांगथांग, हेमिस शुकपाचन, तेमिसगाम. तीन दिवस, घाट सगळे चार हजार मीटरच्या आत, मुक्काम गावातल्या घरांत, त्यामुळे तंबू वाहायचे नाहीत. काहीजण हिला 'पोराटोरांचा ट्रेक' म्हणून हिणवतात. हिणवू द्या. मारखा खोरं, ज्यात ५,२०० मीटरच्या वरचा कोंगमारू ला ओलांडावा लागतो, ते पुढच्या वर्षी. स्टोक कांगडी शिखर २०२० पासून बंद आहे. तुम्हाला कोणी त्याचं पॅकेज विकत असेल तर दुसरा माणूस शोधा.

चालताना दोन गोष्टी सह्याद्रीपेक्षा उलट. एक, अंतर. हवा इतकी स्वच्छ की समोरचं गाव हाताशी आल्यासारखं दिसतं, आणि मापाला मध्ये एक झाड नाही. यांगथांगची घरं मला अर्ध्या तासावर वाटली होती, पोचायला दोन तासांच्या वर गेले. डोळ्याने वेळ ठरवू नका, घड्याळ आणि नकाशा धरा. दोन, पाणी. आपण किल्ल्यावर टाकं असणारच या भरवशावर निघतो. तिथे दोन गावांच्या मध्ये थेंब नसतो. निघताना निदान दोन लिटर.

मणी भिंती (मंत्र कोरलेल्या दगडांच्या) आणि छोर्तेन (छोटे स्तूप) वाटेत येतील. त्यांना उजव्या हाताला ठेवून पुढे जायचं. ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा केलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

घड्याळ बघून चाला

तिथल्या दिवसाला ठरलेली लय असते. सकाळ शांत. अकरा-बाराच्या पुढे जमीन तापते, खोऱ्यातून वारा सुटतो आणि संध्याकाळपर्यंत वाढत जातो, धुळीचे लोट उठतात. खिंड दुपारच्या आत ओलांडायची, तंबू चारच्या आत पक्का करायचा. थंडीपेक्षा हा वाराच अंगातली ऊब पळवतो.

ओढ्यांचीही वेळ असते, आणि ती आपल्याला अजिबात सवयीची नाही. आपल्याकडे ओढा पावसाने वाढतो. तिथे कडक ऊन पडलं की वाढतो. वर हिमनदी दुपारी वितळते, ते पाणी खाली यायला काही तास लागतात. सकाळी सातला घोट्यापर्यंत असलेला प्रवाह संध्याकाळी मांडीला लागतो, बर्फासारखा गार आणि मातकट, तळ न दिसणारा. म्हणून प्रवाह सकाळी ओलांडायचे, अनवाणी कधीच नाही, आणि सॅकचा कमरपट्टा मोकळा करून. गाडीने जाणाऱ्यांनाही हेच लागू, रस्त्यावरून वाहणारे नाले दुपारनंतर गाड्या अडवतात.

आणि पाऊस. विरळा पडतो म्हणूनच घातक. ५ ऑगस्ट २०१० च्या रात्री लेहवर ढगफुटी झाली. चोगलमसरसह कितीतरी वस्त्या चिखलाच्या लोंढ्याखाली गेल्या, दोनशेच्या वर माणसं मेली. उघड्या डोंगरावर गवताचं पातं नाही, पाणी मुरत नाही, जे पडतं ते माती-दगड घेऊन सरळ खाली येतं. त्या लोंढ्यांच्या कोरड्या पात्रांत बारीक वाळूची अगदी सपाट जागा असते. तंबूला यापेक्षा चांगली जागा नाही असं वाटतं. तिथे तंबू ठोकू नका, आभाळ कितीही निळं असू दे. वीस-तीस पावलं वर चढून दगडाळ उंचवटा शोधा, पाठ टोचली तरी चालेल.

अंदाजासाठी हवामान खात्याचं लेहमध्ये स्वतःचं केंद्र आहे, त्याचं पत्रक रोज रात्री बघा. रस्ते उघडे की बंद ते वाहतूक पोलीस कळवतात. पण सर्वांत खात्रीचं म्हणजे जिथे मुक्काम कराल त्या घरातल्या बाईला सकाळी विचारणं. ती अंगणात येऊन एकदा वर बघते आणि सांगते.

त्यांच्या घरात

लेहला पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं. उकळी दिसते, पण डाळ शिजत नाही; कुकरशिवाय तुरीची डाळ म्हणजे पाण्यात खडे. म्हणून 'साधं वरण-भात द्या' हा हट्ट सोडा आणि थुकपा (नूडल्सचं सूप), स्क्यू (कणकेच्या तुकड्यांचा रस्सा), खंबीर रोटी खा. गरम रस्सा पोटालाही बरा आणि पाणीही जातं. लोणी-मिठाचा गुडगुड चहा पहिल्या घोटाला विचित्र लागतो. तो चहा नाही, सूप आहे असं मनाला समजावून प्यायलात तर तिसरा कप मागाल.

गावातली शौचालयं कोरडी असतात: खड्ड्यात वरून माती लोटायची, वर्षभराने त्याचं खत शेताला. पाणी ओतायचं नाही. बादलीभर गरम पाणी मागताना ते कुठल्या झऱ्यावरून, कोणाच्या पाठीवरून आलंय ते आठवा. आंघोळ रोज झाली नाही तरी त्या कोरड्या हवेत फारसं अडत नाही, खोटं नाही सांगत.

परतीचा एक मोकळा दिवस

लेहहून निघणारं विमान वाऱ्यामुळे किंवा ढगांमुळे रद्द होणं नवलाचं नाही. त्यामुळे दिल्लीहून नाशिकचं किंवा रेल्वेचं तिकीट त्याच दिवशीचं काढू नका. मध्ये एक रात्र ठेवा. लेहमध्येही शेवटचा एक दिवस रिकामा राखा. काही बिघडलं तर तो खर्ची पडेल. नाहीच बिघडलं तर बाजारात जाऊन सुके जर्दाळू घ्या. काहींच्या आत बी असते, ती फोडून आतला गर बदामासारखा खातात. विकत घेण्याआधी आज्यांकडून एक मागून चाखा. गोड निघाला तरच ती रास घ्या. कडू गर खायचा नसतो.